ताण तोडण्याचा दिवस

वर्ध्यातल्या काही हौशी मंडळींनी विज्ञानातल्या शब्दांची एक पुस्तिका काढायचं ठरवलं आणि त्यातला 'ताण' हा शब्द माझ्या गळ्यात मारला. कारण सरळ होतं. मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये लोखंडाच्या सळया ताणून तोडल्या. याला दुसरं काही येत नसणार असं त्यांनी गृहीत धरलं आणि ते बरोबरच आहे. दोन पानं हवी होती, दिली. छापूनही आली. त्यात एक वाक्य खोटं नाही, आणि वाचून कुणाचं भलं होईल असंही एक वाक्य नाही. जे तिथे लिहिता आलं नाही ते इथे लिहितो.

आधी शब्दाचं बघू. संस्कृतात 'तन्' म्हणजे पसरणं, ताणणं. तंतू तिथूनच आला, मागावर उभा लावतात तो ताणाही तिथूनच आला. माझी आई सूत काढायची, आमच्या भागात तेव्हा पुष्कळ बायका काढायच्या. धागा तुटला की ती चरख्याला दोष द्यायची नाही, स्वतःच्या हाताला द्यायची. इंग्रजांचा 'स्ट्रेस' मात्र लॅटिनमधल्या आवळण्यातून निघाला म्हणतात. म्हणजे आपले लोक ओढत होते आणि त्यांचे लोक आवळत होते, धाग्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. पुढे तो शब्द इंजिनिअर लोकांनी उचलला आणि त्याला एकक लावलं. इतक्या क्षेत्रफळावर इतकं बल, विषय संपला. आमच्या पाठ्यपुस्तकवाल्यांनी त्याला 'प्रतिबल' म्हटलं, आणि त्या बलानं सळईची लांबी वाढते तिला म्हटलं 'विकृती'. दरवर्षी नवी बॅच या शब्दाला हसायची, आणि दरवर्षी मी हसणाऱ्याला उभं करायचो.

मग हा शब्द एका परदेशी डॉक्टरनं पळवला. त्यानं उंदरांना थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, नाना तऱ्हेनं छळलं आणि मग फाडून पाहिलं. सगळ्यांच्या पोटात जखमा. छळ कोणताही असो, शरीराचं उत्तर एकच, असं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला त्यानं 'स्ट्रेस' हे नाव दिलं. खरं तर नाव चुकलं होतं. बाहेरून लागतो तो स्ट्रेस, आत होतो तो स्ट्रेन. "माझं इंग्रजी तेव्हा पक्कं असतं तर मी दुसरा शब्द घेतला असता," असं तो नंतर कबूल करायचा म्हणतात. उंदरांना अर्थात त्यानं काही फरक पडला नसता.

प्रत्येक धंद्यात या शब्दाला क्रियापद वेगळं लागतं, हे मला पुस्तिकेसाठी लिहायला बसल्यावर सुचलं. लोखंडावर ताण लावतात. माणूस ताण घेतो, निदान डॉक्टर तरी "काका, ताण घेऊ नका" असंच म्हणतात, जणू मी पिशवी घेऊन तो आणायला बाजारात गेलो होतो. आणि आमच्याकडचे संत्रावाले झाडाला ताण देतात. मी त्यातल्या एका धंद्यात वाढलो, दुसऱ्यात पोट भरलं आणि तिसऱ्यात पाय घातला.

माझा मोठा भाऊ हिंगणीच्या पलीकडे शेती करतो. त्याची संत्र्याची बाग आहे, अर्धी वरच्या मुरमाड जमिनीत आणि अर्धी खाली नाल्याजवळच्या काळ्या, भारी जमिनीत. संत्र्याचं झाड लाडावलं की नुसतं पानांनी वाढतं, फुलत नाही. म्हणून आंबिया बहार, म्हणजे थंडी सरतानाचा फुलोरा, धरायचा असला की डिसेंबरात त्याचं पाणी तोडतात. महिना, कधी दीड महिना. झाड सुकायला लागतं, पानं मलूल होतात, वळतात. मग एके दिवशी पाणी सोडतात आणि झाड पांढरं होईपर्यंत फुलतं. लहानपणी मी भावाला विचारलं होतं, झाडाला काय कळतं म्हणून. तो म्हणाला, "त्याले वाटलं पाह्यजे का आता आपण मरतो. मंग ते भिऊन फुलते." हे मी पुढे वर्गात कितीदा सांगितलं असेल.

दुसरं एक तो सांगायचा ते मात्र मी कधी सांगितलं नाही. "ताण देणं काई मोठी गोष्ट नाई. पाणी तं कोणीबी तोडते. ताण तोडाचा दिवस समजला पाह्यजे." ताण तोडणं म्हणजे ते पहिलं पाणी सोडणं. दोन दिवस लवकर सोडलं तर फूल येत नाही, आठ दिवस उशिरा सोडलं तर फांद्या शेंड्याकडून वाळतात. त्या वाळलेल्या काड्यांना सल म्हणतात. एकदा सल धरली की झाड पुढे दहा वर्षं उभं राहतं पण कामाचं राहत नाही.

आमच्या घराची रीतही तीच होती. वडील मारायचे नाहीत. शेजारीपाजारी पोरांना पट्ट्यानं झोडपायचे आणि आमच्याकडे पाहून म्हणायचे, काय देवमाणूस आहे. देवमाणूस बोलणं बंद करायचा. भाऊ मॅट्रिकला नापास झाला तेव्हा वडील त्याच्याशी पेरणीपासून कापूस घरी येईपर्यंत बोलले नाहीत. एकाच बैलगाडीत बसून दोघं शेतात जायचे, एकाच पंगतीच्या दोन टोकांना बसून जेवायचे. आई मधे निरोप पोचवायची. घरात दुसऱ्या कुणी मधे पडायचं नाही असा दंडक होता, आणि बोलणं ज्यानं तोडलं त्यानंच सुरू करायचं. भाऊ जाड कातडीचा, तो मजेत राहिला. माझी एकदाच पाळी आली, अकरा दिवसांची. कशाबद्दल ते सांगत नाही. बाराव्या दिवशी वडिलांनी मला "पाणी आण" म्हटलं आणि मी तांब्या आणताना हुंदके देत होतो. त्या वर्षी मी तालुक्यात पहिला आलो. यातून मी जो धडा घ्यायचा तो घेतला.

नोकरी लागल्यावर मी वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला घर बांधलं. प्रयोगशाळेत माझं एक यंत्र होतं, सळई दोन्हीकडून पकडून ओढणारं. त्याच्या तबकडीवर दोन काटे असतात. काळा काटा चालू ओझं दाखवतो, लाल काटा त्यानं गाठलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर अडकून राहतो. सळई ताणत नेली की काळा काटा चढतो, एका जागी, सळई पहिल्यांदा नमते त्या यील्ड पॉइंटला, जरा अडखळतो, पुन्हा चढतो. मग एक गंमत होते. तो मागे यायला लागतो. नव्या पोरांना वाटतं, चला, सळई सुटली, ओझं उतरलं. मी त्यांना सळईकडे बघायला सांगायचो. तिची मधेच मान बारीक झालेली असायची. दहा सेकंदांत बंदुकीसारखा आवाज व्हायचा आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी किंचाळायचं. त्यावर मी दरवर्षी हसायचो. एकदा एका मुलीनं तोंडी परीक्षेत रडायला सुरुवात केली, तेव्हा मी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर म्हटलं, हिचा यील्ड पॉइंट फार खाली आहे. तेही हसले. ती मुलगी पुढे शिकली की नाही, मी कधी चौकशी केली नाही.

माझी मुलगी एकुलती एक. सुट्टी लागली की ती हिंगणीला काकाकडे पळायची. तिथे ती जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायला शिकली, चाकूनं बोट कापून घेतलं, पण शिकली. ताणाच्या दिवसांत ती पहाटे उठून बागेत जायची. दुपारी पान वळलं तर काही नाही, दुपारी सगळंच वळतं. सकाळीही ते सरळ झालेलं नसेल तर समजायचं की झाड आता खरंच तहानलंय. हे तिला काकानं शिकवलं. पण खालच्या काळ्या जमिनीचं तिनं काकाला शिकवलं. भारी जमीन पाणी धरून ठेवते, तिथे पान फार उशिरापर्यंत हिरवंगार दिसतं, आणि वळतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. माझा भाऊ तिथे दरवर्षी अंदाजानं पाणी सोडायचा, कधी जमायचं, कधी फसायचं. ही पंधरा वर्षांची पोर खाली बसली, बुंध्यापासून हातभर अंतरावर खुरप्यानं उकरलं आणि बारीक मुळ्या बोटांत धरून पाहिल्या. म्हणाली, "मोठे बाबा, पान नका पाहू. उद्या पाणी सोडा." त्यानं सोडलं. त्या वर्षी खालचा तुकडा असा फुलला की भाऊ गावभर सांगत फिरला.

बारावीनंतर तिनं मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा दिली आणि तिला जागा मिळाली नाही. मी पुन्हा एक वर्ष क्लास लावायचं ठरवून टाकलं होतं. ती जेवताना म्हणाली, "बाबा, मला ॲग्रीला जायचंय. मला बागेचंच करायचंय." मी हातातला घास खाली ठेवला. आमच्या तीन पिढ्यांनी चिखलातून वर यायला जन्म घालवला आणि ही हुशार कार्टी परत चिखलात उडी मारायला निघाली, असं मला वाटलं. तसं मी बोललोही. तिनं मान खाली घातली नाही. "तुम्हाला बागेतलं काय माहिती आहे?" असं विचारलं. तो जुलैचा महिना होता. मी उठलो, हात धुतला आणि बोलणं बंद केलं.

एवढ्यावर थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी हिंगणीला गेलो आणि भावाला सांगितलं, ती आली तर शेतात पाऊल ठेवू द्यायचं नाही. त्याचं तोंड उतरलं.

"काऊन बे? पोरीनं काय केलं?"

"तिचं पाणी तोडायचं आहे. तूच म्हणतोस ना, त्याशिवाय बहार येत नाही."

"अबे, ते झाडाचं सांगत होतो मी."

पण वडिलांच्या हाताखाली तोही वाढला होता. मधे पडायचं नाही ही रीत त्यालाही पाठ होती. पुढच्या रविवारी ती बसनं तिथे गेली तेव्हा त्यानं तिला बांधावरूनच परत पाठवलं. काय म्हणाला ते मला वहिनीकडून कळलं. "आता नको येत जाऊ इकडं, बाई. तुह्या बापाले इचार." ती बांधावर थोडा वेळ उभी राहिली आणि पुढच्या बसनं घरी आली. मला विचारणं शक्यच नव्हतं, मी बोलतच नव्हतो.

मग क्लास सुरू झाला. रोज सकाळी मी तिला स्कूटरवर सोडायचो. आमच्या दोघांच्या मधे तिची बॅग असायची. सुरुवातीला ती मागून बोलायची, "बाबा, आज टेस्ट आहे", "बाबा, हेल्मेटचा पट्टा सुटलाय". मी आरशात बघायचो आणि पट्टा लावायचो. संध्याकाळी चहा आणून टेबलावर ठेवल्यावर ती क्षणभर उभी राहायची, मी काही म्हणतो का म्हणून. गणपतीपर्यंत तिचं ते उभं राहणं बंद झालं. एकदा पावसात वळणावर स्कूटर घसरली. मला काही झालं नाही, तिचा गुडघा फुटला, सलवार रक्तानं भिजली. मी गाडी उभी केली आणि ती बसण्याची वाट पाहिली. ती बसली. क्लासच्या दारात ती लंगडत उतरली तेव्हा माझ्या तोंडात शब्द आला होता, खोटं कशाला सांगू. मी तो गिळला आणि गिळल्याचा मला अभिमान वाटला.

बायकोनं केळझरच्या गणपतीला नवस केला. मी बोलावं म्हणून. मीच तिला घेऊन गेलो आणि खाली पायऱ्यांशी स्कूटरजवळ उभा राहिलो. परत येताना बायको म्हणाली, "तुम्ही माणूस आहात का कोण आहात? किती दिवस करून राह्यले हे? पोरगी वाळून चालली."

मी म्हटलं, "कुठे वाळली? दोन वेळा जेवते. अभ्यास करते. बघ की तिच्याकडे."

आणि खरंच तसंच दिसत होतं. मी रोज बघत होतो. वाट बघत होतो की ती एक दिवस येईल, रडेल, "बाबा, चुकलं" म्हणेल आणि मी मोठ्या मनानं बोलायला लागेन. दिवाळीपर्यंत होईल असा माझा हिशेब होता. ती रडली नाही. तब्येत चांगली, केस विंचरलेले, वह्या नीट. आईशी बोलायची, मैत्रिणींशी फोनवर हसायची. मला वाटलं, अजून ताण पुरेसा झालेला नाही. तीस वर्षं मी पोरांना काट्याकडे नका बघू, सळईकडे बघा म्हणून ओरडलो होतो.

त्या डिसेंबरात भावानंही बागेचं पाणी तोडलं. वरच्या तुकड्याचं ठरल्या वेळी सोडलं. खालच्या काळ्या जमिनीत पानं हिरवी होती, म्हणून तो थांबला. आणखी थांबला. कुणाला विचारावं तर विचारण्यासारखी जी होती तिला त्यानं बांधावरून परत पाठवलं होतं. शेवटी एके सकाळी सगळी पानं एकदम वळलेली दिसली आणि त्यानं धावत जाऊन पंप सुरू केला. फुलं आली, झाड दिसेना इतकी आली. तो मला फोनवर ओरडून सांगत होता. पुढच्या पावसाळ्यात खालची चाळीसएक झाडं शेंड्याकडून वाळायला लागली. मरणाऱ्या झाडाचं शेवटचं फुलणं होतं ते. मी बघायला गेलो तेव्हा तो कुऱ्हाडीनं सल काढत होता.

"तिनं सांगतलं असतं मले," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तिले माती समजत होती. तुह्या नादी लागून मी पोरगीबी घालवली अन् बागबी."

मी म्हटलं, पोरगी कुठे गेली, पोरगी पास झाली. कारण मधल्या काळात निकाल लागला होता. नुसती पास नाही, पहिल्या यादीत सरकारी कॉलेज. बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीत मी स्वतः फिरून पेढे वाटले. त्या दिवशी मी अकरा महिन्यांनी बोललो. खोलीच्या दारात उभं राहून म्हटलं, "शाब्बास." ती पुस्तकं बांधत होती. वळून म्हणाली, "हो."

त्यानंतर बारा-तेरा वर्षं ती माझ्याशी बोलत आली आहे. अबोला मुळीच नाही, गैरसमज नको. विचारलं तर उत्तर देते. हो. नाही. बरं. घेतली गोळी. येतो आम्ही दिवाळीला. पण स्वतःहून एक वाक्य तिनं माझ्याकडे टाकलेलं नाही. होस्टेलला गेली तेव्हा नाही, लग्न ठरलं तेव्हा नाही. लग्नाचं मला बायकोनं सांगितलं. बाळ होणार हेही बायकोनंच. दर रविवारी फोन येतो तो आईला येतो. मी तिथेच बसलेला असतो, कान देऊन, एखाद्या भिकाऱ्यासारखा. "बाबांना दे" असं ती म्हणेल म्हणून. माझी बायको फोन ठेवताना माझ्याकडे बघते आणि म्हणते, "भोगा आता." ती दुष्ट बाई नाही. पण तिलाही ते म्हणताना बरं वाटतं, हे मला दिसतं. मला दुसरं काही नको होतं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला मुलीनं सुरू केलेलं एक वाक्य हवं होतं. "बाबा, आज खूप ऊन आहे" असलं काहीही चाललं असतं.

म्हणून या पुस्तिकेचं काम आलं तेव्हा मला आनंद झाला. वैद्यकातला ताण मला येत नव्हता, आणि माझी मुलगी डॉक्टर आहे. विचारायला निमित्त मिळालं. ती हिंगणघाटला असते, नवराही डॉक्टर, खाली दवाखाना आणि वर घर. नोव्हेंबरातला रविवार होता. भावाच्या वरच्या तुकड्यातली संत्री पिशवीत घेतली, वही घेतली आणि बस पकडली.

ती घरीच होती. चार वर्षांची माझी नात सोफ्याच्या कोपऱ्यात पाय घेऊन बसली होती, एरवी ती जिन्यातच येऊन बिलगते. आज फक्त हसली. मला वाटलं, तापबिप असेल. मुलीनं चहा ठेवला. मी वही काढली आणि विचारलं, तुमच्यात स्ट्रेस म्हणजे नेमकं काय गं? मराठीत कसं मांडशील?

ती बोलायला लागली आणि मी थक्क झालो. हो, नाही, बरं नव्हे, वाक्यांमागून वाक्यं. थोड्या वेळाचा ताण शरीराला जागं करतो, हृदय जोरात चालतं, साखर रक्तात उतरते, माणूस पळायला किंवा लढायला तयार होतो. तो उतरला की सगळं जागेवर येतं. उतरलाच नाही तर शरीर त्यालाच नेहमीची स्थिती समजून बसतं. मग झोप, भूक, पाळी, आठवण, एकेक बिघडत जातं, पण बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, कामंही करतो. लहान मुलांत तर ओळखणं फारच कठीण, ती शहाणी वाटतात. मी भराभर लिहून घेत होतो. माझ्या मुलीचा आवाज इतका वेळ सलग मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिनं एक शब्द माझ्यासाठी पुन्हा नीट सांगितला. पुस्तिकेत जे छापून आलंय त्यातलं सगळ्यात चांगलं तेवढंच आहे, आणि ते तिचं आहे. अर्थात ते उत्तर होतं. प्रश्न मीच विचारला होता.

उत्तर संपलं, ती कप घेऊन आत गेली. मी एक संत्रं सोललं, एक फोड हातात घेतली आणि नातीला म्हटलं, "ये गं, मोठ्या आजोबांच्या बागेतलं आहे. गोड आहे."

ती हलली नाही. आणि आतून, भांडी विसळण्याचा आवाज थांबवून, माझी मुलगी स्वतःहून बोलली.

"बाबा, तिच्याशी बोलू नका."

ती पदराला हात पुसत दारात आली. रागावलेली वगैरे नव्हती. पेशंटच्या नातेवाइकांना सांगते तशा आवाजात तिनं सांगितलं, "पाटी फेकली तिनं. लिहायला बसणार नाही म्हणते. आज तिसरा दिवस आहे, आम्ही कुणीच बोलत नाही आहोत. उद्यापर्यंत येईल ताळ्यावर. तुम्ही मधे पडून बिघडवू नका."

"अगं, चार वर्षांची आहे ती."

"मग?"

"आत्ताच तू मला काय सांगितलंस?"

"ते पेशंटचं." मग म्हणाली, आणि यात टोमणा असता तर मी सुखानं घरी गेलो असतो, पण नव्हता. तिचा त्यावर विश्वास होता. म्हणाली, "मी झाले ना डॉक्टर?"

ती परत आत गेली. नळ सुरू झाला. मी नातीकडे वळलो, तोंड उघडलं. तिनं घाईनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आपल्या ओठांवर बोट दाबून मान हलवली. ती मला वाचवत होती. मी बोललो तर आई माझ्याशीही बोलणं बंद करेल, अशी तिला भीती वाटत होती. मी हातातली फोड ताटलीत ठेवली आणि बसची वेळ होईपर्यंत तिच्यासमोर गप्प बसून राहिलो.